पोर्श ९१४ : टनेलमधल्या पेट्रोलच्या नळ्या कोणी बदलल्या आहेत का?

मधलंइंजिन

गाडी १९७३ची पोर्श ९१४, दोन लिटरचं इंजिन, बॉशचं डी-जेट्रॉनिक इंजेक्शन अजून मूळचंच. माझ्याकडे येऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यापासून गाडीत बसलं की पेट्रोलचा वास येतो. आधी वाटलं टाकीचं झाकण नीट बसत नसेल, म्हणून झाकणाचं रबर बदललं. वास तसाच. मग पुढच्या डिकीतला गालिचा काढून टाकीभोवती हात फिरवला, सगळं कोरडं. मागे बॅटरीच्या ट्रेखाली बघितलं. तिथेही ओल नाही, पण तिथल्या दोन रबरी नळ्या बोटांनी वाकवल्या तर बारीक बारीक चिरा उघडल्या. त्या बदलणारच आहे.

खरी काळजी पुढची. काल गिअरच्या दांडीचं रबरी बूट वर केलं आणि नाक खाली नेलं, तर वास तिथूनच येतोय. टॉर्च मारल्यावर मधल्या टनेलमध्ये, म्हणजे दोन सीटांमधल्या पत्र्याच्या बोगद्यात, दोन प्लॅस्टिकच्या नळ्या दिसल्या. कधीकाळी दुधी पारदर्शक असाव्यात, आता पिवळ्या-तपकिरी पडल्यात. एकीला नखाने हलकं दाबलं, अजिबात लवली नाही. काचेसारखी कडक.

तीन प्रश्न आहेत. एक, फक्त दोन्ही टोकांची रबरं बदलून काही दिवस काढता येतील का, की आतल्या नळ्याही काढायच्याच? दोन, नवीन घालायच्या तर स्टीलच्या की परत प्लॅस्टिकच्या? तीन, इंजिन न उतरवता हे काम होतं का?

जुनापिस्टन

तुझे तीन प्रश्न नंतर. आधी गाडी चालवणं आजपासून बंद कर आणि टाकी रिकामी कर. हे मी घाबरवायला लिहीत नाही, कारण सांगतो.

तुझ्या १९७३च्या गाडीत पंप मागे, इंजिनाच्या बाजूला आहे. म्हणजे टनेलमधली पुरवठ्याची नळी पंपाच्या आधीची. लोकांना वाटतं की तिथे दाब नाही, म्हणजे धोका कमी. पण टाकी पुढे आहे आणि टनेलपेक्षा उंच आहे, आणि नळी निघते टाकीच्या बुडातून. त्यामुळे इंजिन बंद असलं, किल्ली खिशात असली, तरी टाकीतलं पेट्रोल स्वतःच्या वजनाने त्या नळीत उभं असतं. नळी तडकली तर पंपाची वाट न बघता टाकी टनेलमध्ये रिकामी होणार. टनेल म्हणजे तुझ्या दोन सीटांच्या मधली जागा. तिथून वाफ सरळ केबिनमध्ये येते.

आणि ती नळी नखाने दाबू नकोस, परत हात लावू नकोस. माझ्या ओळखीतल्या एका गाडीत क्लचची केबल बदलताना हात नुसता घासला आणि नळीचा तुकडा पडला. टाकी भरलेली होती.

मधलंइंजिन

काका, हे मला खरंच सुचलं नव्हतं. मी दाबाचाच विचार करत होतो. उद्या सकाळी टाकी उपसतो.

तिनाक

उपसताना एवढं पाळ. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी काढ, पेट्रोलला हात लावायच्या आधी. काम उघड्यावर किंवा दारं सताड उघडी ठेवून कर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. त्यामुळे गाडी सर्व्हिसच्या खड्ड्यावर उभी असेल तर तिथून हलव. जुन्या तारेच्या बल्बचा हातदिवा वापरायचा नाही. पडून फुटला की तापलेली तार आणि वाफ एकत्र. एलईडीचा सीलबंद दिवा घे. गॅसचं गीझर, वेल्डिंग, ग्राइंडर यांतलं काहीही जवळपास चालू नको.

पेट्रोल साधारण उणे ४० अंशांनाही पेटण्याजोगी वाफ सोडतं, म्हणून थंडी आहे, आज वाफ होत नाही असं काही नसतं. पेट्रोलसाठी बनवलेला कॅन घे, तो जमिनीवर ठेवूनच भर. साध्या प्लॅस्टिकच्या बादलीत उपसू नकोस, स्थिर विजेची ठिणगी तिथेच पडते. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेव, डिकीत नाही. आणि नळीने तोंडाने ओढून काढायचं नाही, हातपंप घे.

नळीवाली

मी औद्योगिक होजच्या कामात आहे, त्यामुळे रबराबद्दल थोडं विस्ताराने लिहिते.

टोकांची रबरं बदलायची म्हणतोस ती कुठली घेणार आहेस ते आधी बघ. नळीवर छापलेलं वाच. एसएई जे३० (अमेरिकी मानक) आर६ किंवा आर७ लिहिलं असेल तर ती कार्बोरेटरच्या गाडीची, कमी दाबाची. तुझ्या डी-जेट्रॉनिकला साधारण २ बार, म्हणजे २८ ते ३० पीएसआय दाब लागतो. त्याला जे३० आर९ पाहिजे. आर९मध्ये आतला थर फ्लोरोइलास्टोमर या खास रबराचा असतो, तो पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हीला टिकतो. साध्या नायट्राइल रबराची जुनी नळी इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये आधी फुगते, मऊ पडते, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की सुकून चिरते. बऱ्याचदा बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून सोलते. फिल्टरमध्ये काळे कण सापडले तर ते टाकीतले असतीलच असं नाही, नळीचं आतलं अस्तर उतरत असू शकतं. जर्मन नळ्यांवर डीआयएन ७३३७९ हे जर्मन मानक छापलेलं असतं. पण त्या क्रमांकातही वेगवेगळे प्रकार येतात, नुसता आकडा बघून घेऊ नकोस, इंजेक्शनच्या दाबाची आणि इथेनॉलला चालणारी आहे याची खात्री करून घे.

कापडी वेणीची नळी मूळ गाडीसारखी दिसते म्हणून लोक घेतात. मला ती दुकानात बघायला आवडते, गाडीत नाही, कारण खालच्या रबराला गेलेली चीर कापड झाकून ठेवतं. पेट्रोल कापडात झिरपत लांब जातं आणि भलत्याच जागी टपकतं. मग गळती नेमकी कुठे आहे हे शोधण्यात संध्याकाळ जाते. स्टीलच्या वेणीच्या नळीचंही तेच, जर आत साधं रबर असेल तर. आत पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, असेल तर गोष्ट वेगळी.

टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडलेली रबरी नळी एखाद्याच्या गाडीत असेल तर तिथे आर९ चालत नाही. बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडवून ठेवण्यासाठी बनलेलं नसतं. त्यासाठी आर१० आहे. तुझ्या गाडीला हा प्रश्न नाही.

आणि सिलिकॉनची नळी कितीही सुंदर रंगात मिळाली तरी पेट्रोलला लावायची नाही. ती पाण्यासाठी आणि हवेसाठी. पेट्रोल तिच्यातून आरपार झिरपतं.

पाना_बारातेरा

ताईंनी नळीचं सांगितलं, मी क्लँपचं सांगतो. भोकं पाडलेल्या पट्टीचा, किड्यासारखा स्क्रू फिरणारा क्लँप पेट्रोलच्या नळीवर नको. आवळत गेलं की त्या भोकांच्या कडा रबर कापतात. इंजेक्शनचा क्लँप वेगळा असतो, पट्टी आतून गुळगुळीत, कडा बाहेर वळवलेल्या, आणि आवळल्यावर पूर्ण गोल बसतो. तो नेमक्या मापाचा घ्यावा लागतो, कारण तो थोडाच आवळतो. नळीचा बाहेरचा व्यास मोजून घे, आतला नाही.

एसयूकार्ब

माझी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, कार्बोरेटरची, त्यामुळे दाब तुमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तरी एक अनुभव लिहितो. आमच्या गाडीत एसयू कंपनीचा विजेवरचा पंप मागच्या चाकाजवळ असतो आणि किल्ली फिरवली की टिकटिक करतो. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की टिकटिक थांबायला पाहिजे. एका रात्री इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवून बसलो होतो आणि तो थांबेचना. उतरून वाकून बघितलं तर पंपाच्या पुढच्या जोडातून पेट्रोल टपकत होतं. तेव्हापासून गाडी सुरू करायच्या आधी मी दर वेळी तो आवाज ऐकतो.

झेडप्रेमी

मी डॅटसन २४०झेडवाला. आमच्याकडे नळ्या इंजिनाच्या उष्णतेजवळून जातात आणि गरम दिवसात बाष्पबंध होतो, म्हणजे पेट्रोल नळीतच उकळून वाफ होतं आणि पंप वाफ ढकलत बसतो. ९१४च्या जुन्या गाड्यांनाही पंप मागे असल्यामुळे हाच त्रास आहे ना? कंपनीने पुढे पंप जागेवरून हलवला असं वाचलं होतं.

जुनापिस्टन

बरोबर. १९७५पासून पंप पुढे, टाकीखाली नेला. आणि इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी, कारण यात लोकांनी गाड्या जाळल्यात. बाष्पबंध टाळायला जुन्या गाडीचा पंप पुढे हलवणं हा प्रसिद्ध बदल आहे, आणि चांगला आहे. पण पंप पुढे गेला की टनेलमधली तीच पुरवठ्याची नळी पंपाच्या नंतरची होते. आत्तापर्यंत जिच्यावर फक्त टाकीतल्या पेट्रोलचं वजन होतं तिच्यावर पूर्ण २ बारचा दाब येतो. पन्नास वर्षं जुनं, ठिसूळ झालेलं प्लॅस्टिक, त्यात २ बार, आणि ते तुमच्या मांडीशेजारी. आधी नळी बदला, मग पंप हलवा. उलटा क्रम कधीही नाही.

मधलंइंजिन

टाकी रिकामी केली. चाळीस लिटरच्या वर निघालं.

मग दोन्ही टोकांची रबरं कापून नळी मागून हळूच ओढायचा प्रयत्न केला. दीड वीत बाहेर आली आणि तुटली. आवाज ऐकू आला, कट्. तुटलेली कड बघितली तर आतून बाहेरपर्यंत सरळ, ताण पडल्याची खूण नाही. दुसरा तुकडा गिअरच्या भोकातून काढताना आणखी तीन ठिकाणी तुटला. क्लचच्या केबलजवळून जाणाऱ्या भागात अर्ध्या जाडीपर्यंत घासलेली खाच आहे, आणि त्या खाचेच्या तळाशी केसाएवढी चीर. वास तिथूनच येत होता असं मला वाटतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. आता स्टील की प्लॅस्टिक?

जुनापिस्टन

स्टेनलेस. आयुष्यात परत उघडावं लागू नये अशी जागा आहे ती.

नळीवाली

काकांशी इथे मी असहमत आहे, आणि पूर्ण आदराने. मूळ नळी नायलॉनची होती आणि ती पन्नास वर्षं टिकली. पन्नास वर्षं हे कुठल्याही भागाचं अपयश नाही. आजचं पॉलिअमाइड १२ (नायलॉनचाच प्रकार) जुन्यापेक्षा चांगलं आहे, त्याला गंज नाही, ते लवचिक असल्यामुळे टनेलमधून सरकवायला सोपं, आणि त्याच्यातून गाडीची थरथर पंपाच्या गुणगुणीसकट केबिनमध्ये येत नाही. स्टेनलेस नळीला वळणं आधीच बरोबर द्यावी लागतात. चुकलेलं वळण परत सरळ केलं की तिथे धातू कडक होतो. शिवाय टनेलच्या पत्र्यातून नळी बाहेर पडते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायचं कडं, नसेल तर स्टील पत्र्याला घासत राहणार.

नायलॉनसाठी अट एकच. पेट्रोलसाठी बनवलेली, दाब छापलेली नळी. हवेच्या कॉम्प्रेसरची दिसायला तशीच असते, ती नाही.

जुनापिस्टन

ताई, पंप कधीच पुढे हलवायचा नसेल तर तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण याला केबलजवळ खाच पडलेली सापडली. म्हणजे त्या टनेलमध्ये काहीतरी नळीला घासतंय. स्टीलला केबल घासली तर केबलचं आवरण झिजेल, नळी टिकेल. नायलॉनमध्ये उलट होईल.

नळीवाली

तो मुद्दा बरोबर आहे. खाचेचं वाचून मीही याच्या गाडीसाठी स्टील म्हणेन. पण केबल का घासतेय तेही शोधायला हवं. क्लचच्या केबलची नळी टनेलच्या आत पत्र्याला वेल्ड केलेली असते, तो वेल्ड सुटला की ती नळी मोकळी हलते.

मधलंइंजिन

ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. क्लचच्या केबलची नळी मागच्या टोकाला सुटलेली आहे, हाताने हलते. क्लच दाबला की ती वर उचलली जाऊन पेट्रोलच्या नळीला लागत असणार. नुसती नळी बदलून बंद केलं असतं तर नवीन नळीलाही तेच झालं असतं. आता टनेल रिकामा आहे, टाकी बाहेर आहे, पण वेल्डिंग करायच्या आधी सगळं कोरडं करून दोन दिवस हवा खेळू देतो. टाकी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली आहे.

स्टेनलेसच घेतो. इंजिनही उतरवतोय, कारण क्लच तसाही बघायचा होता.

तिनाक

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, हे माहीत असेलच. तिच्यात द्रव नाही, पण वाफ आणि हवा बरोबर पेटणाऱ्या प्रमाणात असू शकते. साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ हवेत असली की पेटते. तिला वेल्डिंगच्या दृष्टिक्षेपातही ठेवू नकोस. दुसरी खोली म्हणजे बंद दाराची.

पाना_बारातेरा

टाकी बाहेर आहेच तर बुडातली जाळी काढून बघ. बोटभर पिशवीसारखी गाळणी असते, आट्यांनी बसवलेली. माझ्या टाकीत तिचं नुसतं कडं उरलं होतं, जाळी गायब, आणि तळाशी गंजाचा थर. नवीन नळ्यांत तो गंज सोडण्यात अर्थ नाही.

आणि टाकीखालची दोन टोकं, पुरवठ्याचं आणि परतीचं (उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणारं), कागदाची चिठ्ठी लावून ठेव. उलटी जोडली गेली की गाडी कधी चालते, कधी मरते, आणि माणूस महिनाभर इलेक्ट्रिकमध्ये दोष शोधतो.

मधलंइंजिन

आज बरंच काम झालं, सविस्तर लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

वेल्ड झाला, क्लचच्या केबलची नळी आता हलत नाही. इंजिन खाली असल्यामुळे नवीन स्टेनलेस नळ्या मागून सरकवल्या. आधी पुरवठ्याची, कारण ती जाड आहे, मग परतीची. एक मदतनीस गिअरच्या भोकातून हाताने दिशा देत होता, त्याच्याशिवाय झालं नसतं. ॲक्सिलरेटरची केबल आणि गिअरची लांब दांडी यांच्या खालून नळी जायला पाहिजे, वरून गेली की दांडी फिरताना लागते. हे पहिल्यांदा चुकलं. नळी पूर्ण आत गेल्यावर गिअर टाकून बघितला आणि दुसऱ्या गिअरला खट्ट आवाज आला. सगळं परत बाहेर काढून पुन्हा घातलं. गाडी जोडण्याआधी सगळे गिअर टाकून बघा, क्लच आणि ॲक्सिलरेटर दाबून बघा, आणि दर वेळी गिअरच्या भोकातून टॉर्च मारून बघा.

पत्र्यातून बाहेर येण्याच्या दोन्ही जागी नवीन ग्रोमेट. टनेलच्या आत जिथे नळी पत्र्याला टेकते तिथे तिच्यावर रबरी नळीचा उभा चिरलेला तुकडा चढवला आणि पट्टीने बांधला.

नळीची टोकं नुसती सरळ कापलेली आली होती. रबर त्याच्यावर बसतं, क्लँपही आवळतो, पण दाब आल्यावर सरकून निघू शकतं. म्हणून टोकांना फुगवटा काढून घेतला. हे न करता कोणी जोडू नये.

सगळं जोडायच्या आधी दोन्ही नळ्यांतून हवा मारली. स्वच्छ फडक्यावर स्टीलचा बारीक कीस निघाला. तो इंजेक्टरपर्यंत गेला असता.

एसयूकार्ब

फुगवट्याबद्दल मोलाचं लिहिलंत. एका वर्कशॉपने माझ्या गाडीत बिनफुगवट्याच्या टोकावर दोन दोन क्लँप लावून दिले होते. चढावर नळी निघाली. नशिबाने कार्बोरेटरचा दाब होता, आणि पंपाची टिकटिक वेगात वाढलेली ऐकून लगेच किल्ली बंद केली.

पाना_बारातेरा

आट्यांच्या जोडांवर टेफ्लॉनची टेप लावू नका हेही यात जोडतो. तिचा धागा सुटून इंजेक्टरमध्ये अडकतो. कोन असलेला जोड धातूवर धातू बसूनच बंद होतो, त्याला टेप लागतच नाही. आणि ३७ अंशांचा कोन ४५ अंशांच्या नटात बसवायचा प्रयत्न करू नका. हाताला घट्ट लागतं, पण टेकतं फक्त एका रेषेवर.

मधलंइंजिन

इंजिन चढवलं, टाकीत पाच लिटर टाकलं. चाचणी अशी केली. प्रत्येक जोडाखाली पांढऱ्या टिश्यूचा तुकडा बांधला. डी-जेट्रॉनिकमध्ये किल्ली फिरवली की पंप एक-दीड सेकंद चालतो आणि इंजिन फिरेपर्यंत थांबतो, म्हणून किल्ली सहा-सात वेळा चालू-बंद केली. दर वेळी उतरून सगळे टिश्यू बघितले. अग्निशामक घेऊन एक जण मागे उभा होता.

चौथ्या वेळी उजव्या बाजूच्या मागच्या इंजेक्टरचा टिश्यू ओला. क्लँप अजून आवळला, पुन्हा ओला. अजून आवळला, तर जास्तच. किल्ली काढली, बॅटरी काढली, आणि आता इथे विचारतोय. नळी नवी आर९ आहे, क्लँप नवा इंजेक्शनचा आहे, इंजेक्टरचं टोक गुळगुळीत दिसतंय. बाकी तिन्ही इंजेक्टर कोरडे.

नळीवाली

त्या नळीवर माप काय छापलंय? आणि बाकी तिघांवर तेच आहे का?

मधलंइंजिन

बघून आलो. तिघांवर ७.५ मिमी. याच्यावर ५/१६ इंच. जर्मन नळी शेवटच्या तुकड्याला कमी पडली म्हणून जवळ पडलेला दुसरा तुकडा लावला होता. हातात घेतल्यावर दोन्ही सारखेच वाटतात.

नळीवाली

सापडलं मग. ५/१६ म्हणजे ७.९ मिमी. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी आहे, पण क्लँप आवळल्यावर तो जास्तीचा घेर कुठेतरी जायलाच हवा, म्हणून रबराला आत एक बारीक घडी पडते. पेट्रोल त्या घडीतून येतं. जितका आवळशील तितकी घडी खोल जाते, म्हणून जास्त आवळल्यावर जास्त ओलं झालं. तो तुकडा टाकून दे. दुसरीकडे कुठे वापरूही नकोस.

मधलंइंजिन

ताई, मनापासून आभार. हे मी स्वतः शोधलं नसतं, मी क्लँपलाच दोष देत बसलो असतो.

जुनापिस्टन

आणि यासाठीच टिश्यू बांधायचे आणि इंजिन सुरू करण्याची घाई करायची नाही. इंजिन चालू असताना त्या घडीतून थेंब आला नसता, बारीक फवारा आला असता, आणि खाली एक्झॉस्टचे तापलेले पाइप आहेत.

मधलंइंजिन

७.५ची नळी मिळाली, बसवली. किल्ली दहा वेळा, सगळे टिश्यू कोरडे. मग इंजिन सुरू केलं, वीस मिनिटं जागेवर, पुन्हा कोरडे. गरम इंजिन बंद करून तासाभराने परत बघितलं, कारण बंद केल्यावर इंजिनाची उष्णता काही वेळ नळ्यांत चढत राहते. कोरडे. दाबमापक लावला होता, २ बार दाखवतो आणि हलत नाही.

तीन आठवड्यांत साधारण चारशे किलोमीटर चालवली. केबिनमध्ये वास नाही. पहिल्या शंभर किलोमीटरला फिल्टर कापून बघितला, थोडा टाकीचा गंज होता, नवीन लावला. जुना क्लच जड वाटायचा तो आता हलका आहे, सुटलेल्या नळीचा वेल्ड केल्यामुळे असणार.

पंप पुढे हलवायचं काम पुढच्या हिवाळ्यात. नळी तयार आहे.

झेडप्रेमी

जुन्या नळीचा तो खाच पडलेला तुकडा फेकू नका. कोणी "अजून चालेल की" म्हणालं की दाखवायला उपयोगी.

मधलंइंजिन

ठेवलाय, कामाच्या टेबलावर खिळ्याला टांगलाय.

नवीनचौदा

नमस्कार, मी इथे नवी आहे. माझी ९१४ १९७४ची, १.८ लिटर, एल-जेट्रॉनिक (बॉशचंच पुढचं इंजेक्शन). हा धागा वाचून आत्ता खाली जाऊन गिअरचं बूट वर केलं. नळ्या तशाच पिवळ्या आहेत आणि हलका वास आहे. इंजिन उतरवणं मला शक्य नाही. इंजिन जागेवर असताना होईल का?

पाना_बारातेरा

होतं, त्रास जास्त आहे. मी केलंय. नळ्या दोन तुकड्यांत घालून मध्ये जोड देऊ नका एवढंच आत्ता सांगतो, टनेलमध्ये जोड नको. पुढून, टाकी काढून सरकवता येतात, वळणं मात्र वेगळी द्यावी लागतात. कशी ते उद्या चित्र काढून टाकतो.

जुनापिस्टन

टाकीत किती पेट्रोल आहे, बाळ?

नवीनचौदा

काका, परवाच पूर्ण भरली.

जुनापिस्टन

मग चित्र उद्या. आज बॅटरीचं टोक काढ, गाडी घराच्या भिंतीपासून लांब ढकल, सुरू करू नकोस, आणि वर तिनाकने टाकी उपसण्याबद्दल लिहिलंय ते पुन्हा एकदा नीट वाच. मदतीला कोणी येईपर्यंत नळ्यांना हात लावू नकोस. उपसून झाली की इथे लिही, मी जागा आहे.